एकशे ब्याऐंशी

"कितीही भरलं तरी कमीच लिहा, ताई," खुर्चीत बसता बसता तो माणूस म्हणाला.

परिचारिकेने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "आधी पाच मिनिटं गप्प बसा. बोललं की दाब वाढतो."

शहरातल्या आरोग्य पाहणीचं हे चौथं वर्ष. मोठ्या माणसांचा रक्तदाब या खोलीत मोजायचा, हृदयाच्या भिंतींची जाडी पलीकडच्या सोनोग्राफीच्या खोलीत. बाकीच्या परिचारिका एकशे वीस, एकशे तीस असे गोल आकडे टाकून मोकळ्या होत. हिच्या वहीत एकशे सव्वीस, एकशे चौतीस. तिला सगळे 'काटाबाई' म्हणत. म्हणत कुचेष्टेनेच, पण शंका आली की वही तिचीच उघडत.

तिने तीनदा मोजलं.

"किती?"

"वरचा एकशे ब्याऐंशी."

त्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी बस चालवतो. तपासणीची ही चिठ्ठी मालकाला दाखवायची आहे. हा आकडा बघितला की तो मला घरी बसवणार. शिकणाऱ्या दोन मुली आहेत."

"गोळ्या घेता?"

"कशाला? मला काही होत नाही."

"होत नाही म्हणूनच घात होतो. दाब असाच राहिला की हृदयाची भिंत जाड होत जाते, हमालाचे दंड भरावेत तशी. पण ती ताकद नव्हे. पुढे तेच हृदय थकतं."

"कळतं हो. पण पोटावर पाय नका आणू."

तिचा हात थांबला. तिचा धाकटा भाऊ क्रेन चालवायचा. असाच एक आकडा कागदावर आला आणि त्याला खाली उतरवलं. गोळ्यांनी दाब उतरला, कामावर मात्र परत कुणी बोलावलं नाही. तीन वर्षं तो तिच्या घरी खिडकीशी बसून होता. तो आकडा तिनेच लिहिला होता.

तिने चिठ्ठीवर आणि वहीत एकशे अठ्ठावीस लिहिलं. मागच्या बाजूला डॉक्टरांचं नाव.

"आजच गोळ्या सुरू करा. दोन आठवडे रजा टाका, गाडीला हात लावायचा नाही. मग या, मी स्वतः मोजते. नाही आलात तर खरा आकडा घेऊन तुमच्या मालकाकडे मी येईन."

त्याने चिठ्ठी न बघताच खिशात टाकली आणि पलीकडच्या खोलीत न जाता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीच्या प्रमुखांनी तिला बोलावलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कालचाच माणूस होता, गळ्यात ओळखपत्र.

"हे तपासनीस," प्रमुख म्हणाले. "आकडे खरे लिहिता की नाही ते पाहायला आले होते. बाकी सगळ्यांनी यांना धुडकावून लावलं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

गोल आकडेवाल्या साऱ्या पास झाल्या होत्या. तिने वाद घातला नाही. वह्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आली.

जिन्यापाशी मागून पावलं वाजली. तपासनीस होता. त्याने आजूबाजूला पाहिलं.

"ताई, बस, मालक, मुली, सगळं खोटं होतं," तो हळूच म्हणाला. "ते एकशे ब्याऐंशीही खोटंच होतं ना?"