आरसा तबेल्यात आहे

"अहो, आत आरसाच नाही!" ट्रायल रूमच्या पडद्यातून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "मी दिसते कशी, ते कळायचं कसं?"

बुटीकच्या मालकिणीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने मनगटावरच्या उशीत खोचल्या. "आरसा तबेल्यात आहे, डॉक्टर. मागच्या दाराने चला, चार पावलांवर तर आहे."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. भाचीच्या लग्नाच्या पार्टीसाठी आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घालत होत्या, तोही बिनबाह्यांचा. "म्हणजे पहिला मान घोड्याचा," म्हणत त्यांनी गाऊनचा घेर दोन्ही हातांनी उचलला आणि निघाल्या. आढेवेढे घ्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

मागच्या दाराला एक ब्रश टांगलेला होता. पहाटे घोड्याला खरारा, दहाला दुकान, दुपारी गवत, पुन्हा दुकान, असा मालकिणीचा दिवस; काळ्या जॅकेटवर घोड्याचा एक केस दिसला तरी गिऱ्हाईक नाक मुरडायचं. येता-जाता ब्रश फिरवायचा तिचा नेम होता. आज ती ब्रशला हात न लावताच बाहेर पडली. आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, कारण सकाळी तिच्या घोड्याने, धाकट्याने, चार घास खाल्ले होते.

आठ दिवसांपूर्वी तिची लेक येऊन आपली घोडी दूर आपल्या नव्या घरी घेऊन गेली होती. ती घोडी थोरली, तिच्या पाठचा हा धाकटा. दोघं शेजारच्या खणांत वाढले, घोड्यांच्या शोमध्ये जोडीने मिरवले. थोरली गेली तसा धाकटा दाराशी उभा राहून या पायावरून त्या पायावर नुसता डुलत राहिला. गवताला तोंड लावेना. "रविवारपर्यंत खाल्लं नाही, तर मी गाडी पाठवून त्यालाही इकडे आणते," लेकीने फोनवर बजावलं होतं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आरसा ठेवून बघा, कळपातलं जनावर आहे, त्याला सोबत लागते. काल संध्याकाळी मालकिणीने ट्रायल रूममधला माणूसभर उंचीचा आरसा एकटीने ढकलत इथवर आणला. धाकटाही गेला तर या घरात तिच्याशिवाय श्वास घेणारं कुणी उरणार नव्हतं. हे मात्र ती लेकीला बोलली नव्हती.

धाकटा अर्ध्या दारावरून मान काढून उभा होता. समोर खांबाला टेकवलेल्या आरशावर त्याच्या श्वासाचे डाग पडले होते.

"दात दाखव रे राजा," डॉक्टरीणबाई त्याच्या तोंडाशी वाकून म्हणाल्या. "वा! माझ्या पेशंटांचे असे असते, तर मी उपाशी मेले असते." मग त्यांचं आरशाकडे लक्ष गेलं. एका अंगावर वळल्या, मग दुसऱ्या. "बरी दिसतेय की मी. दंड जरा जाड वाटतात का हो?"

"अजिबात नाही," मालकीण गुडघ्यांवर बसून खालची पट्टी दुमडत म्हणाली. दुकानात दिवसभर माणसं येत, भरपूर बोलत, पण ती सगळी आरशाशी बोलत. ही कायम त्यांच्या पायाशी. आज निदान वर धाकट्याची मान होती, म्हणून तिला बरं वाटत होतं.

"हा शोधतोय काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मालकिणीने वर पाहिलं. धाकट्याने आरशातल्या घोड्याच्या नाकाला नाक लावलं. मग मान लांब करून आरशाच्या कडेने मागे डोकावला. मागे नुसतं प्लायवूड होतं. तो पुन्हा समोर आला, नाक लावलं, पुन्हा मागे गेला. तिसऱ्या खेपेला त्याने आरशाच्या मागे तोंड करून मोठ्याने हाक मारली आणि कान टवकारून थांबला. मग मान आत घेतली आणि या पायावरून त्या पायावर डुलू लागला. सकाळचं गवत जवळजवळ तसंच पडलं होतं.

"त्याला कळलं," मालकीण म्हणाली.

"काय कळलं?"

"ती तिथे नाही ते."

तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. जनावराची समजूत काढतोय म्हणत आपण आपलीच काढत होतो. तिने खिशातून फोन काढला.

"अगं, गाडी उद्याच पाठव. रविवारपर्यंत कशाला थांबायचं? हो, त्याच्यासाठीच. त्याची झूल देते बरोबर. घाबरला तर उजव्या कानामागे खाजव, शांत होतो." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "मला काय धाड भरलीय! दुकानात इतकी माणसं असतात, दिवस कधी मावळतो कळतसुद्धा नाही. ठेवते, गिऱ्हाईक खोळंबलंय."

डॉक्टरीणबाईंनी गाऊनवरची गवताची काडी उचलली. "म्हणजे आरसा आता दुकानात परत येणार," त्या उगाच हसून म्हणाल्या. "पुढच्या फिटिंगला मला लीद तुडवत यायला नको."

मालकिणीने शेवटची टाचणी लावली आणि धाकट्याच्या दाराला धरून उठली.

"दुकानाला नवा घेईन," ती म्हणाली. "हा घरात न्यायचाय. जेवणाच्या टेबलासमोर."