फणसाला हात लावू नको

“अदिबा, हात लावू नको त्या फणसाला! चीक लागेल फ्रॉकला.”

विशाखाची ट्रॉली जागच्या जागी थांबली. तोच आवाज. गेल्या शुक्रवारचा. मधे लोणची-मसाल्यांचं भलंमोठं रॅक होतं, त्यामुळे माणूस दिसत नव्हतं. पण तो कोकणी हेल, ते मायेनं रागावणं अगदी तेच होतं.

आता बाजारात मराठी ऐकून कुणी असं दचकतं का? दचकतं हो. दिवसचे दिवस मराठीचा शब्द कानावर पडला नाही, की फणसाच्या चिकानंही जीव कासावीस होतो.

स्वरा, तिची एकुलती एक लेक, ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजला गेली. तेव्हापासून इकडे आखातात, सबाह अल-सालेम भागातल्या फ्लॅटमध्ये विशाखा आणि एसी, दोघंच. नवरा रिफायनरीत. जयदीपच्या शिफ्टला शुक्रवार कळत नाही. घरी आला की जेवतो आणि झोपतो. तसा माणूस वाईट नाही, पण झोपलेल्या माणसाशी बोलणार तरी काय? म्हणून सुट्टीच्या दिवशी फिरायला जायचं म्हणजे हे सुपरमार्केट. बाहेर उन्हानं तोंड भाजतं, इथे निदान गारवा असतो. एक फ्लॉवर घ्यायचा आणि उगाच हिंडत राहायचं. मग स्वराला मेसेज करायचा, ‘मस्त फिरून आले.’ स्वराचं उत्तर ठरलेलं. ‘नाइस, आई.’ आणि एक अंगठा.

काल जेवताना विशाखानं जयदीपला सांगून टाकलं, “मला नाशिकला परत जायचंय. कायमचं.”

जयदीपनं आधी हसण्यावारी नेलं. मग तिचा चेहरा बघितला आणि घास तसाच ठेवला. “उद्या संध्याकाळपर्यंत विचार कर,” तो म्हणाला. “जायचंच असेल तर तिकीट काढतो.”

“ओवैस, ट्रॉलीला लोंबकळू नको. पडशील हां!”

आवाज पुढे सरकला. विशाखाही रॅकच्या अलीकडून पुढे सरकली. हातात गरम मसाल्याचं पाकीट धरलं, वाचण्याचं सोंग केलं आणि कान पलीकडे लावले. गेल्या शुक्रवारीही तिनं हाच उद्योग केला होता. पार मासळीच्या काउंटरपर्यंत गेली होती. तिथे निळ्या ओढणीचं टोक दिसलं मात्र, विशाखाबाई घाबरून पळाल्या. सांगणार काय होती? मी विशाखा, माझ्याशी जरा बोला? भिकाऱ्यासारखं वाटलं तिला. आज बोलायचंच, असं घरून ठरवून निघाली होती. आता पुन्हा पाकिटाआडच लपली.

पलीकडची मुलं काही उत्तर देत नव्हती. त्यात नवल ते काय? इथली पोरं आईच्या मराठीला उत्तर देतात थोडीच! स्वरासुद्धा कानात इअरफोन घालून नुसती मान डोलवायची. पण डोलवायला मान तरी होती.

“चला रे आता. अब्बा वाट बघत असतील.”

विशाखाला त्या बाईचा हेवा वाटला. सरळसरळ, पोटातून वाटला. हिच्या घरी वाट बघणारं माणूस आहे, लोंबकळणारा मुलगा आहे, फ्रॉकवाली पोर आहे. अशा भरल्या घरातल्या बाईला आपली काय गरज? नकोच ते. संध्याकाळी जयदीपला तिकीट काढायला सांगायचं. तिनं मसाल्याचं पाकीट परत ठेवलं आणि पैसे द्यायला निघाली.

रांगेत निळी ओढणी उभी होती. ती मागच्या लोकांना “आप जाओ आगे” म्हणत पुढे सोडत होती. विशाखा आली, तेव्हा मात्र जागची हलली नाही. पन्नाशीची बाई. टोपलीत दोन लिंबं, छोटा ब्रेड आणि एकच बांगडा. आजूबाजूला मूल म्हणून नव्हतं.

“तुमची मुलं कुठे राहिली?” विशाखाच्या तोंडून निघूनच गेलं.

बाई वळली. “अदिबा होय? ती सासरी, चिपळूणला. आता तिची लेक फ्रॉक घालते. ओवैस कॅनडात.”

“अहो, पण मघाशी तुम्ही त्यांना...”

बाईनं नजर खाली केली. मग स्वतःशीच हसली. “लहान होती तेव्हा इथेच आणायची त्यांना. गेली, तरी सवयीनं तोंडातून जायचं. मग म्हटलं, मोठ्यानंच बोलावं. कुणी आपलं असेल तर ऐकून वळेल. घरात कोण आहे ऐकायला? आमचे हे दुकान बंद करून येतात तेव्हा मी झोपलेली असते.”

विशाखाचे डोळे भरून आले. हसावं की रडावं, तिला कळेना. “मी विशाखा,” ती कशीबशी म्हणाली. “मी ऐकत होते. गेल्या शुक्रवारीसुद्धा.”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाली. “मी मुनिरा. बरण्यांच्या फटीतून तुमचं दोन वाट्यांचं मंगळसूत्र दिसलं होतं. म्हटलं, ही आपल्याकडचीच. पण हाक मारायला मलाही धीर होईना. म्हणून तुमच्यासाठी सावकाश चालत होते. आणि तुम्ही पळालात!”

तिनं टोपली खाली ठेवली आणि विशाखाचा हात धरला.

“आज तर त्या रॅकला फेऱ्या मारून मारून पाय मोडले माझे. किती वेळ लावलास गो!”