शिकवणारी येईल

“सोडते आता!” मागून कॅप्टन ओरडली.

“नको! कॅप्टन, तुम्हाला माझी शपथ आहे!”

“सोडली!”

सायकल पुढे निघाली आणि इस्त्रीवाली पडली नाही. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. रिकाम्या गोदामामागच्या त्या आवारात कित्येक रविवार ती एकाच भिंतीवर जाऊन आदळत होती. आता भिंतच हिला पाहून बाजूला सरकेल, असं सोबत शिकणारी दातांची डॉक्टर म्हणायची. आजही भिंत समोर आली. इस्त्रीवालीनं डोळे मिटले, मग घाबरून उघडले, हँडल कसंबसं वळवलं आणि भिंतीला हुलकावणी देऊन ती भलत्याच दिशेला निघून गेली.

“अगं बाई, वळली! वळली!” डॉक्टर नाचायलाच लागली.

हे वळणं नुसतं हौसेचं नव्हतं. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करण्यात तिची उमर गेली होती आणि ती लॉन्ड्री उद्यापासून पुलापलीकडे जाणार होती. पाळी पहाटेची. त्या वेळी पुलावर बस नाही. “जमत असेल तर या, नाहीतर दुसरी बघतो,” मुकादम म्हणाला होता. घरी मुलगा म्हणत होता, “आई, या वयात हाडं मोडून घेऊ नकोस.” तरी गुडघ्याला हळद लावून ती दर रविवारी येतच राहिली होती.

आणि आता ती गोल गोल फिरत होती. वारा बाह्यांत शिरून त्यांचे दोन फुगे झाले होते. तिला हसू आवरेना. हसताना तोल जाई, तोल गेला की किंकाळी फुटे आणि किंकाळी ऐकून पुन्हा हसू येई. गटात सायकल चालवता आलेली ती पहिलीच. निवृत्त न्यायाधीशबाई अजून सायकलीला हात लावण्याआधी तिला चारही बाजूंनी निरखत, जणू आरोपीच पुढ्यात उभा आहे. परदेशातून लग्न होऊन आलेल्या नव्या नवरीला इथल्या भाषेतलं ‘डावं’, ‘उजवं’ आणि ‘मेले गं’ एवढंच येत होतं. तिन्ही शब्द ती एकदमच वापरायची आणि मग पडायची.

“ब्रेक दाब!” कॅप्टन धावत ओरडली. “दोन्ही! एकदम नको, हळू!”

इस्त्रीवाली थांबली. पाय टेकले. ती सरळ उभी होती. तिनं सायकल तशीच टाकली आणि कॅप्टनच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली, हसली, पुन्हा रडली.

“तुमच्यामुळे,” ती म्हणाली. “तुम्ही नसता तर उद्या मी घरी बसले असते.”

खोटं नव्हतं ते. पहिल्या रविवारी सगळ्या जणी आवारात बावरून उभ्या होत्या, तेव्हा कॅप्टननंच शिट्टी फुंकून त्यांची रांग लावली होती. आवाज खणखणीत. सायकलीमागे धावून धावून बुटांचे तळ गेले होते, पण हिनं कुणाची सीट न सांगता कधी सोडली नाही. “तुम्ही एकदा चालवून दाखवा ना,” असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “मी चालवून काय उपयोग? शिकायचं तुम्हाला आहे.”

पण आज इस्त्रीवालीच्या अंगात वारं शिरलं होतं. तिनं सायकल उचलली आणि कॅप्टनपुढे धरली.

“आज काही ऐकायची नाही. एक चक्कर तुमची!”

“मला काम आहे,” कॅप्टन म्हणाली.

“कसलं काम! धरा गं हिला!”

डॉक्टरनं एक दंड पकडला, नव्या नवरीनं दुसरा. न्यायाधीशबाईंनी मागची वाट अडवली. हसता हसता त्यांनी कॅप्टनला उचलून सीटवर बसवलंच.

“चला, कॅप्टन!”

कॅप्टन हलली नाही. तिचा एक पाय जमिनीला खिळला होता. हँडलवरची बोटं पांढरी पडली होती. इस्त्रीवालीचं हसू ओठांवरच थांबलं. ती बोटं तिला ओळखीची होती. अर्ध्या तासापूर्वी तिची स्वतःची तशीच होती.

तिनं जवळ जाऊन हळूच विचारलं, “कॅप्टन… तुम्हाला येते ना?”

कॅप्टननं मान खाली घातली.

“मी तरण तलावावर राखणीला असते,” ती पुटपुटली. “ही शिट्टी तिथली. पहिल्या दिवशी कामावरून तशीच आले. वर्गाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, शिकवणारी येईल. ती काही आली नाही. म्हटलं, ती येईपर्यंत रांग तरी लावू. तर तुम्ही मला कॅप्टनच म्हणायला लागलात. मग हिची सीट धर, तिची सीट धर. सांगू सांगू म्हणत सांगायचं राहूनच गेलं.”

न्यायाधीशबाईंच्या तोंडून कोर्टात कधी निघाला नसेल असा खिंकाळल्यासारखा आवाज आला. डॉक्टर पोट धरून जमिनीवर बसली. नव्या नवरीला कुणीतरी खाणाखुणांनी समजावलं. तिला समजलं तेव्हा तिनं आपले तिन्ही शब्द वापरून टाकले.

इस्त्रीवालीनं डोळे पुसले. “अहो, मग आजवर आम्हाला शिकवलं कुणी?”

“मला काय विचारता?” कॅप्टन रडकुंडीला येऊन म्हणाली. “मी तर शिकायला आले होते!”