आयुष्याची वर्गणी

“चेन घराण्यात माणूस एकट्यानं मरत नाही,” वैद्यदेवाच्या देवळात उभं राहून थिआम-लायनी जाहीर केलं, आणि आजारी धाकट्या बहिणीसाठी आपल्या आयुष्यातले तीन महिने देऊ केले. नववर्षाचा पंधरवडा सोडून.

बहीण, गुआत, तैनानच्या इस्पितळात डोळे मिटून पडली होती. घरच्यांनी पाळ्या लावल्या होत्या. कुणी पेज नेई, कुणी पाय चोळी. औषधं थकली तेव्हा वाडवडिलांचा शेवटचा उपाय निघाला. नातलगांनी देवापुढं आपापली वर्षं बोलायची आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून कौल घ्यायचा. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या, तर नाही.

गुआतची मुलगी बी-लिंग, तिनं पाच वर्षं दिली. हो. एका भाच्यानं ऐंशीच्या पुढची सगळी देऊन टाकली. तेव्हा गुडघेच दुखायचे होते. हो. घरातल्या एका सुनेनं सासूबरोबर काढायची दोन वर्षं देऊ केली. सासू शेजारीच उभी होती. देवानं तीही घेतली.

थिआम-लायच्या कोरी पालथ्या पडल्या.

“मामा, देवानंसुद्धा ओळखलं तुम्हाला,” बी-लिंग म्हणाली. “नववर्ष घाला की त्यात.”

घातलं. नाही. वर्ष केलं. नाही. जन्मभर मासळीबाजारात घासाघीस केली, आज बरोबरीचा गडी भेटला, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. थिआम-लायचे कान तापले. ते पाच वर्षं बोलले. मग दहा.

हसू आपोआप विरलं. उदबत्त्यांच्या धुरानं काळवंडलेल्या देवाच्या तोंडावर काचेचे डोळे तेवढे ओले दिसत होते. लाकूड फरशीवर आपटलं की आवाज छपरात जाई, आणि वर कुणी ऐकून घेतल्यासारखा जरा थांबून परत येई.

थिआम-लायना एकाएकी पुराचं पाणी आठवलं. पाठीवर बांधलेली एवढीशी गुआत, आणि वाटभर तिनं घट्ट धरलेले आपले कान. ते गुडघ्यांवर बसले.

“सगळं घे,” ते म्हणाले. “उरलंय ते सगळं. पण तिला उठव.”

दोन्ही पालथ्या.

बी-लिंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पुरे, मामा. आई उठली की मलाच रागवेल.”

त्यांनी तो हात हळूच बाजूला केला. सारा जन्म बाजारात गेलेला. बाजारातल्या ‘नाही’चे दोन अर्थ असतात, माल नको किंवा माल शिल्लकच नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते पुढं वाकले.

“माझं आयुष्य तुला नको आहे का?” त्यांनी देवाच्या कानात सांगावं तसं विचारलं.

दोन्ही पालथ्या. नाही, तसं नव्हतं.

“मग माझ्याकडंच उरलेलं नाही?”

एक कोर उताणी पडली, एक पालथी.

मागच्यांना प्रश्न ऐकू गेला नव्हता, कौल तेवढा दिसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुनेनं डोळे पुसले, आणि शेवटी देवानं थोरल्यांचं मन राखलं, असं सासूला सांगितलं.

थिआम-लाय उठले. विजारीच्या गुडघ्यांवरची धूळ त्यांनी नीट झटकली.

“बी-लिंग,” ते म्हणाले, “मी मागं बसतोय, इस्पितळात जाताना स्कूटर जरा हळू चालव, हं.”