मोटारीची रुपेरी पट्टी

खंडेनवमीच्या पूजेसाठी कारखान्याच्या साहेबांची मोटार चिंचवडात त्यांच्या ड्रायव्हरच्या, भैरूच्या, अंगणात उभी होती. त्याच्या नव्या नवरीनं, मंजुळेनं, देवाची उपकरणी उजळावीत तशी मोटारीची रुपेरी पट्टी चिंचेनं अन् राखेनं घासली. भैरू पवना नदीचं पाणी घेऊन आला, तोवर पट्टी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी धुरकट झाली होती. “अवं, नोकरी जाईल का वो?” हाताची राख पदराला पुसत तिनं विचारलं. “अगं, मोटार म्हंजी समई न्हवं. साहेब यायच्या आत उजळली, तर न्हाई जायची.” त्यानं खडूची पूड गोडेतेलात कालवली आणि मऊ फडक्यानं दोघं चोळत बसली. उन्हं चढली, तसे पट्टीत दारावरचे झेंडू उमटले, मग दोघांचे चेहरे. चाकाजवळचा तळहाताएवढा डाग मात्र त्यानं तसाच ठेवला. “त्यो का ठेवला?” “साहेबाला दिसायचा न्हाई. मला रोज गाडी पुसताना तुझा हात दिसंल.”