सातवं टेबल

“नाचता येईना अंगण वाकडं!” ताई एवढ्या जोरात ओरडली की इस्त्रीखात्यातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. मग सहाजणींचे पुन्हा चालू झाले. सातवी तिच्यासमोर उभी होती. तासाला निदान पंचवीस शर्ट निघायला हवेत असा दंडक, आणि ही महिनाभर बावीसच्या वर गेली नव्हती. कामावरून काढल्याचा कागद साहेबांनी सकाळीच पाठवला होता. त्यावर सुपरवायझर म्हणून ताईची सही तेवढी बाकी होती.

“इस्त्री तापत नाही, ताई,” सातवी म्हणाली. “ओल्या कॉलरवर दोनदा फिरवली की गार पडते. मग बसा वाट बघत.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या खात्यात बायकांना टेबलाच्या नंबरानेच हाक पडायची. नवी येईल ती सातवी. जास्त शर्ट काढले की एकेक टेबल पुढे. हा नियम ताईचा, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. वशिला नाही, लाडीगोडी नाही. काम दाखवा, पुढे या. ती स्वतः तासाला चाळीस काढायची, त्याच जोरावर सुपरवायझर झाली होती. आणि ही बया आपल्या आळसाचं खापर इस्त्रीवर फोडत होती! हिच्याआधीच्या दोन सातवींनीही हेच रडगाणं गायलं होतं. त्यांच्या कागदांवर सही करताना ताईने दोनदा विचारसुद्धा केला नव्हता.

“वायरमनकाकांना बोलवा,” ताई म्हणाली. “एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागू दे.”

काका मीटर घेऊन आले, पण कुरकुरतच. ही इस्त्री त्यांनी गेल्याच आठवड्यात तपासली होती.

“तेव्हा तुम्ही ती मेन बोर्डापाशी नेऊन तपासलीत,” सातवी म्हणाली. “आज इथे तपासा. सगळ्यांच्या इस्त्र्या चालू असताना.”

काकांनी मीटर लावला. एकशे सत्तर व्होल्ट. तीन पूर्णांक दोन अँपिअर. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर भागाकार केला. “रोध त्रेपन्न ओहम. बोर्डापाशी आला होता तेवढाच. कॉइल ठणठणीत आहे. इस्त्रीत काही दोष नाही.”

“ऐकलंस?” ताईने पेनाचं टोपण काढलं.

“भागाकार झाला ना काका? आता त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करा!” सातवीचा आवाज चढला. “मुलीचा अभ्यास घेते मी. भागलं की रोध कळतो, गुणलं की वॉट कळतात. माझी भाकरी जायची वेळ आली, अन् अर्धंच गणित करून मोकळे होताय?”

काकांनी गुणाकार केला. पाचशे चव्वेचाळीस. त्यांनी इस्त्री उचलून तिच्या पट्टीवर छापलेला आकडा वाचला. हजार वॉट. मग कुणी न सांगता ते पहिल्या टेबलाकडे गेले. तिथे दोनशे तीस व्होल्ट, चार पूर्णांक पस्तीस अँपिअर. गुणाकार बरोबर हजार. दुसऱ्या टेबलावर थोडा कमी, तिसऱ्यावर आणखी कमी. परत येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

“बोर्डातून एकच वायर निघते, तीही बारीक,” ते हळू आवाजात म्हणाले. “या टेबलावरून त्या टेबलावर. व्होल्ट वाटेतच गळतात. इथे येतो पाऊण दाब, अन् पाऊण दाबाला इस्त्री निम्मीच तापते. हिचं खरं आहे.”

ताईने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. टेबलवार आकडे तिनेच खडूने लिहिले होते. एकोणचाळीस, सदतीस, पस्तीस, एकतीस, एकोणतीस, सव्वीस, बावीस. रोज लिहीत होती, आणि रोज वाटत होतं, बायका कशा लायकीप्रमाणे बसल्यात! तिला स्वतःचीच चीड आली. सातव्या टेबलावरून पुढे सरकायचं तरी कसं? आधीच्या दोघी सातवी घसा फोडून सांगत होत्या, आणि तिने त्यांना कामचुकार म्हणून हाकललं होतं.

केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले. “अजून सही नाही?”

“दोष वायरीत आहे, साहेब,” म्हणत काकांनी पुठ्ठा पुढे केला. साहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“वर्षानुवर्षं हीच वायर आहे. मेहनत अंगात असावी लागते!” ते ताईकडे वळले. “तुम्ही नव्हता का चाळीस काढत? तेही आल्या दिवसापासून?”

ताईने कागदाचे दोन तुकडे केले.

“काढत होते ना साहेब,” ती म्हणाली. “मी आले त्या दिवशी पहिलं टेबल रिकामं होतं.”