खाजेचे थेंब

“मावशी, हे थेंब तुम्हाला कोणी दिले?” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी छोटी बाटली दिव्यासमोर धरून विचारलं.

मावशींनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. त्याचं औषधांचं दुकान. सगळी हयात गोळ्या मोजण्यात गेल्यामुळे आख्खी गल्ली त्याला ‘डॉक्टर’ म्हणायची. तो आधी ‘छे छे’ म्हणायचा आणि मग समोरच्याला जीभ दाखवायला सांगायचा. आज मात्र तो भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत बसला होता.

“आता कुठलं आठवायला?” बायको म्हणाली. “बहिणीकडे गेले होते, तिथल्या दुकानातून घेतले. डोळ्यांना फार खाज यायची हो.”

“किती दिवस घालताय?”

“झाले असतील दोन-तीन महिने.”

चार वर्षं झाली होती. बाटली संपायच्या आधीच नवी त्याच्या शर्टाच्या खिशातून घरी यायची. दुकान बंद करून आला की तो तिचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि आपल्या हाताने एकेक थेंब घालायचा. ‘घरातच डॉक्टर असला की असं सुख,’ ती डोळे मिटून म्हणायची. त्यालाही ते खरं वाटायचं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला त्याला कधीच वेळ लागला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

“डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं. कडेला एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते निघून जातं. या थेंबांत स्टेरॉइड आहे. खाज लगेच थांबते, पण तेच औषध जाळीतल्या पेशींनाही एक निरोप पोचवतं. काही जणांच्या डोळ्यांत त्या निरोपाने पेशी फुगतात, आजूबाजूला चिकटा धरतात, आणि मोरीची जाळी तुंबावी तशी ही जाळी तुंबते. पाणी आत कोंडतं, दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही.”

“मग आता?”

“खरंच दोन-तीन महिने असतील, तर हे थेंब बंद करून दाब उतरायची वाट बघता येईल. पण तुमची नस मला तसं सांगत नाही. जास्त दिवस झाले असतील तर वाट बघण्यात उरलेली नजरही जायची.” त्या त्याच्याकडे वळल्या. “काका, तुमचं तर औषधांचं दुकान आहे ना? तुमच्या लक्षात नाही आलं?”

त्याने तोंड उघडलं.

“त्यांना मी सांगितलंच नव्हतं,” बायको घाईघाईने म्हणाली. “रागावले असते.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तपासणीसाठी तिला पडद्याआड नेलं. यंत्रावरची मुलगी समजावून सांगत होती, “आजी, समोर बघत राहायचं. कडेला कुठेही दिवा चमकला की हे बटण दाबायचं.” तो बाहेर बाकावर बसला, तिची पर्स मांडीवर धरून. आतून बटणाचा आवाज आला. टक. टक. मग काहीच नाही. तो श्वास धरून बसला. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा टक, आणि पुन्हा शांतता.

“दाब ना गं,” तो पुटपुटला. “दाब.”

मग त्याच्याच्याने बसवेना. तो उठला आणि डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. आत जाऊन खुर्चीत बसायची त्याला लाज वाटली.

“चार वर्षं,” तो म्हणाला. “रोज. माझ्याच दुकानातले. मीच घालत होतो.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आधी लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं आणि मान वर केली.

“आणखी कोणाकोणाला देता?”

त्याच्या डोळ्यांपुढे काउंटरवरचे चेहरे आले. वेल्डिंगवाला. कोपऱ्यावरची शिंपीण. शाळेतल्या बाई, शेजारचे आजोबा. ‘तुमच्या हाताला गुण आहे’ असं म्हणून गेलेले सगळे. त्याला एकाचंही नाव घेता येईना.

पडदा सरकला. बायको चौकट चाचपत बाहेर आली. त्याने पुढे होऊन तिचा हात धरला. तिने मागे वळून पाहिलं, मुलगी यंत्र पुसत होती. मग ती त्याच्या कानाशी आली.

“अहो, यांचं यंत्र बिघडलंय वाटतं. मधेमधे कितीतरी वेळ दिवेच लागत नव्हते.”

तिने त्याचा हात दाबला.

“पण तुम्ही डॉक्टरांना सांगू नका हं. त्या पोरीला उगाच बोलणी बसतील.”